तवावाले सुभेदार

सुभेदार सपकाळांची आणि माझी ओळख माझ्याच अंगणात झाली, आणि त्यांनी मला सांगितलेली पहिली गोष्ट म्हणजे दूर हो.

मी आदल्या संध्याकाळी एस.टी.तून उतरले होते. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, खेड्यापाड्यांत नर्सबाई नेमायचं चाललं होतं आणि नाशिककडच्या मला बुलढाणा जिल्हा मिळाला. धाडच्या पलीकडे तीन कोसांवरचं गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथल्या देशमुखांचे नातू मला पत्रं लिहितील. सकाळी खोलीचं दार उघडलं तर तुळशीपाशी एक उंच, वाळका माणूस उभा. अंगात खाकी वर्दी, पायांत पलटणीतले बूट, दोन्ही कानांवर काळे गोळे, खांद्याला जड पेटी आणि हातात लांब दांडा. दांड्याच्या टोकाला भाकरीच्या तव्याएवढी गोल थाळी. ती थाळी तो जमिनीपासून चार बोटांवर धरून इकडून तिकडे फिरवत होता, जमिनीला वारा घालावा तसा.

"बाई, दहा पावलं दूर," माझ्याकडे न बघता तो म्हणाला.

"का? काय झालं?"

"अजून काई झालं नाई. होऊ नये म्हनून सांगून राह्यलो."

मी माझ्याच अंगणात दहा पावलं मोजत भिंतीला टेकले. त्यानं थाळी एका जागी तीनदा फिरवली, कानाचा गोळा घट्ट दाबला, खिशातून लाल चिंधी बांधलेली काडी काढून तिथं रोवली आणि गुडघ्यावर बसून खुरप्यानं इतक्या हळू उकरायला लागला की मला वाटलं खाली कुणाचं बाळ झोपलंय. निघाली ती इंजेक्शनची गंजकी सुई. ती तळहातावर धरून त्यानं माझ्यासमोर आणली.

"सरकारी मालमत्ता हाये. मागच्या बाईंची. सांभाळून ठेवा." आणि खाडकन सलाम ठोकला.

हे माझे शेजारी, हरिभाऊ सपकाळ. बावीस वर्षं पलटणीत काढून आलेले. तिथं त्यांचं काम जमिनीत पुरलेले सुरुंग हुडकून काढायचं. नोकरी संपल्यावर बाकीचे लोक ट्रंक, ब्लँकेट, झालंच तर सायकल घेऊन घरी येतात. सुभेदारांनी पलटणीच्या जुन्या सामानाच्या लिलावातलं, पुण्याच्या जुन्या बाजारात फिरत आलेलं हे यंत्र आणलं. त्यासाठी त्यांनी बायकोचे सोन्याचे गोट विकले. जमिनीतलं सोनं शोधायचं यंत्र घेण्यासाठी घरातलं होतं नव्हतं ते सोनं मोडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. काशीवहिनींना मी एकदा विचारलं, "तुम्ही दिलेत कसे?"

"मले कुठी इचारलं?" त्या चुलीत काटकी सारत म्हणाल्या. "म्हने, काशे, वर्षाच्या आत कोपरापावतर भरून देतो. हे पाहा, भरले." आणि पिठानं माखलेले दोन्ही हात त्यांनी माझ्यापुढे धरले.

गावानं यंत्राला तवा म्हटलं आणि यंत्रवाल्याला तवावाले. समोर मात्र सगळे सुभेदारच म्हणत. ही सुभेदारीही त्यांनी स्वतःच स्वतःला दिली होती. ते एकदा गुडघ्याच्या दुखण्याचा दाखला मागायला पलटणीचे कागद घेऊन आले, तेव्हा मी ते वाचले. हुद्दा नाईक. मी कागदाची घडी घालून परत दिली आणि म्हटलं, "या सुभेदार." त्यांनी माझ्याकडे क्षणभर रोखून पाहिलं. त्या दिवसापासून माझ्या घरी दर आठवड्याला काशीवहिनींच्या हातची एक भाजी यायला लागली.

यंत्राची एक खोड होती. खाली लोखंड असो, पितळ असो, सोनं असो, ते सारखंच किंकाळायचं. ही किंकाळी फक्त कान झाकलेल्याला ऐकू यायची, बाहेर शांत. त्यामुळे सुभेदारांचा निवाडा नेहमी एकच असे. ते मान वर करत, जमलेल्या लोकांकडे बघत आणि म्हणत, "धातू हाये. कोन्ता हाये ते खोदल्यावर समजते." इतकं खरं बोलणारा माणूस गावात दुसरा नव्हता, आणि इतकं खरं बोलून लोकांना इतकं खोदायला लावणाराही नव्हता. कारण आपल्या देशातल्या कुठल्याही जमिनीत, चार माणसं राहून गेली असतील तिथं, धातू असतोच. बैलाच्या खुराचा नाल असतो, फाळाचा तुकडा असतो, चंचीची कडी असते.

धाडचा बाजार उठला की सुभेदार तिथं जात. सगळे भाजीवाले गाठोडी बांधून गेलेले, कुत्री पाचोळा हुंगत असलेली, आणि हे मोकळ्या मैदानात वर्दी घालून, तवा फिरवत, लष्करी शिस्तीत एका ओळीत पुढे, दुसऱ्या ओळीत मागे. सापडे ती नवी-जुनी नाणी. एक पैसा, भोकाचा जुना पैसा, क्वचित चवली. बटणं तर पायलीभर. ही सगळी त्यांनी घरी काचेच्या बरण्यांत भरली होती आणि बरण्यांवर कागद चिकटवून सुबक अक्षरांत लिहिलं होतं: 'धाड बाजार, उत्तर बाजू', 'धाड बाजार, मिरचीची रांग'. पाहुणा आला की चहाच्या आधी बरण्या. आम्ही धाडच्या मिरचीच्या रांगेतली बटणं बघत बसायचो आणि काशीवहिनी आतून विचारायच्या, "बाई, लोनच्याले एखादी बरनी रिकामी करून द्याले सांगा ना यायले."

एवढ्यावर राहिलं असतं तर गावाला फुकटची करमणूक होती. पण मग देशमुखांनी सुभेदारांना बोलावलं.

देशमुख तीन भाऊ. थोरले, मधले, धाकटे. आई-वडील गेल्यावरही शेती एकत्र, चूल एकत्र, तिघांच्या बायका एकाच परातीत पीठ मळणाऱ्या. गावात कुणाच्या घरी भांडण झालं की लोक देशमुखांचं नाव घेऊन भांडणाऱ्यांना लाज आणत. त्यांच्या नदीकाठच्या शेतात आजोबांनी पेंढाऱ्यांच्या भीतीनं काही पुरलं होतं, असं घरात पिढ्यानपिढ्या बोललं जाई. पेंढारी त्यांच्या आजोबांच्या जन्माआधीच संपले होते. पण पुरलेल्या धनाचा हिशेब कोण वर्षांनी करतो!

सुभेदारांनी त्या शेतात चार दिवस ओळी मारल्या. चौथ्या दिवशी दुपारी बांधाच्या कोपऱ्यात लाल चिंधी रोवली गेली. मी तिथं गेले ती खणणाऱ्यातल्या एकाच्या पायावर कुदळ बसली म्हणून. पट्टी बांधून निघणार, तोच खालून टणकन आवाज आला. थोरले देशमुख धोतर सावरत खड्ड्यात उतरले. मधले आणि धाकटे काठावर वाकून.

"सुभेदार, काय हाये?"

"धातू हाये," सुभेदार म्हणाले.

"अरे, ते तं समजलंच ना बे!"

निघाला तो तांब्याचा हंडा. मोठा, काठ दुमडलेला, हिरवा पडलेला. त्यावरची माती थोरल्यांनी स्वतःच्या उपरण्यानं पुसली. आत हात घातला. कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला आणि मग हंड्याच्या बुडातून बाहेर आला. बुडाला वीतभर भगदाड होतं. आत माती, एक मुळी आणि सुतळीचा कुजका तुकडा. दुसरं काही नाही.

कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता की बूड गेलेला हंडा कुणीतरी फेकला, तो गाळात गेला. पण शहाणं म्हणायला त्या वेळी तिथं कुणी नव्हतं. धाकटे हळूच म्हणाले, "दादा, मांगच्या उन्हाळ्यात हा बांध तुमीच घालून घेतला ना?"

"घातला मी, पन गडी कोनाचे व्हते? मधल्याचे."

मधले म्हणाले, "माह्या गड्यायचं नाव काऊन घेता? धाकट्याच्या बायकोनं पाटल्या कवा केल्या, ते इचारा आधी."

खड्ड्याच्या काठावर, भर दुपारी, पायाला पट्टी बांधलेल्या गड्यासमोर, तीन माणसांनी वीस वर्षांचं सगळं उकरून काढलं. त्याला यंत्र लागलं नाही. संक्रांतीपर्यंत चुली तीन झाल्या. नदीकाठच्या शेताचे तीन तुकडे झाले आणि हंडा ज्या कोपऱ्यात निघाला तो कोपरा कुणाकडे जावा यावर कोर्टात दावा लागला. हंडा मात्र कुणीच नेला नाही. सुभेदारांनी तो उचलून आणला, घासला आणि बरण्यांच्या मधोमध मांडला.

"तुम्हाला काही वाटतं का हो?" मी विचारलं.

"काय वाटाचं?" ते म्हणाले. "धातू हाये म्हनलो, धातू निंघाला. मशीन चुकत नाई, बाई."

मशीन चुकत नाही. हे वाक्य त्यांनी पुढच्या वर्षभरात गावाच्या इतकं अंगवळणी पाडलं, की पोरं खेळताना शपथा घ्यायला लागली, 'सुभेदाराच्या तव्याची आन.' त्यातूनच सुमनचं प्रकरण झालं.

सुमन ही शेवंताबाईची सून. शेवंताबाई विधवा, आठ एकराची मालकीण, तोंडानं अशी की गावचा पोलीस पाटीलही तिच्या दारावरून जाताना खाकरत नसे. एकुलता मुलगा गजानन. आई बोलत असली की तो जमिनीकडे बघे आणि आई सदैव बोलत असे. सुमन वडनेर भोलजीची, एकोणीस वर्षांची, सहावा महिना लागलेला. पायांना सूज होती म्हणून मी दर दोन दिवसांनी जायचे. एकदा गेले तर पोरगी ओट्याच्या कोपऱ्यात उपाशी बसलेली आणि दारात सात-आठ बायका.

लग्नात सासूनं घातलेली सोन्याच्या मण्यांची एकदाणी हरवली होती. सुमन म्हणे, कापूस वेचताना गळ्यातून पडली असावी. घरी आल्यावर मान धुताना कळलं. शेवंताबाई म्हणे, बाजाराच्या दिवशी भाऊ येऊन गेला, त्याच्या हाती माहेरी पाठवली.

"मी कायले धाडू, मामी?" सुमन रडत म्हणाली. "मले घालाची नसती तं मागितलीच नसती."

"ऐका! मागितली म्हने! मी खुशीनं घातली व्हती, रांडे!"

पंच बसले. त्यांनी ठरवलं, भावाला निरोप धाडा, एकदाणी आणून दे नाहीतर बहिणीला घेऊन जा. सहावा महिना लागलेल्या बाईला असं 'घेऊन जा' म्हणजे काय, ते मी पाहिलं होतं. ती परत येत नाही. वर्षभरात मुलाचं दुसरं लग्न लागतं. मी आजवर तव्याची टिंगल केली होती, ती गिळली आणि थेट सुभेदारांकडे गेले.

"अर्ज द्या," ते म्हणाले.

"सुभेदार, शेजारी राहते मी तुमच्या!"

"बिगर अर्जाचं काम म्हंजे चोरी, बाई. तारीख घाला."

मी अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर्दी घालून शेवंताबाईच्या कपाशीच्या रानात उतरले. तीन दिवस कपाशीच्या ओळींतून तवा फिरला. गाव बांधावर बसून बघत होतं. सुमन घरी, मी मधूनमधून. तीन दिवसांत लाल चिंधी एकदाही रोवली गेली नाही. तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना त्यांनी कानांवरचे गोळे काढले, पंचांसमोर टाच जुळवून उभे राहिले आणि सांगितलं, "रानात नाई."

"पक्कं?" पंचांनी विचारलं.

"मशीन चुकत नाई."

झालं. आतापर्यंत निदान संशय होता. आता पुरावा झाला. रानात नाही म्हणजे पडली नाही, पडली नाही म्हणजे पाठवली. शेवंताबाईनं तिथंच हात ओवाळून बोटं मोडली. मी सुभेदारांना वाटेत गाठलं.

"एकदा म्हणा, मशीन चुकू शकतं. एकदाच. त्या पोरीचा जीव वाचेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेटीचा पट्टा खांद्यावर ओढला. "मले ते म्हनता येत नाई, बाई," म्हणाले आणि चालू लागले. मी त्या दिवशी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्याजोगं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पंचांनी आधीच धाडलेल्या निरोपावरून, सुमनचा भाऊ वडनेरहून गाडी घेऊन आला. बैल सोडलेसुद्धा नाहीत. सुमनची ट्रंक गाडीत चढली. ती ओट्यावरून उतरत होती, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बूट वाजले. सुभेदार. पूर्ण वर्दी, कानांवर गोळे, हातात तवा. मागे पाच पावलांवर काशीवहिनी, पदर खोचलेला.

"थांबा!" सुभेदार ओरडले. "तपास अर्धा झाला. रान झालं, घर राह्यलं."

शेवंताबाई दारात आडवी झाली. "माह्या घरात काय सुरुंग पुरले हायेत काय रे, तवावाल्या?"

"ते मशीन सांगीन. पंच, कायदा एकच का दोन? सुनेचं म्हननं रानात तपासता, मंग सासूचं घरात काऊन नाई?"

पंच बोलायच्या आधीच बांधावर तीन दिवस बसून कंटाळलेलं गाव एका आवाजात म्हणालं, "तपासा!"

"पह्यले घरातला सारा धातू भाईर," सुभेदारांनी हुकूम सोडला. "लोखंड, पितळ, तांबं. मशीन गोंधळते."

बायका आत शिरल्या. भांडी बाहेर यायला लागली. परात, घागरी, तांबे, विळी, खुरपी, कढई. सगळं अंगणात मांडलं गेलं, आणि तिथंच शेवंताबाईचं निम्मं पाणी उतरलं. कारण शेजारची गंगाबाई एक गडवा उचलून, त्यावर घातलेलं नाव बोटानं चाचपत म्हणाली, "वं माय! हा तं माहा गडवा! माह्या लग्नातला! याच्यावर माह्या बापाचं नाव हाये!" मग सगळ्याच बायका खाली बसून नावं वाचायला लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी मला बोलावलं. एकूण दोन तांबे, एक गडवा आणि एक झारी आपापल्या घरी गेली.

मग सुभेदार आत शिरले. शेवंताबाई त्यांच्या मागे, मी उंबऱ्यात. ते चुलीपाशी तवा फिरवायला लागले तशी शेवंताबाई सुरू झाली. त्यांच्या सात पिढ्या, त्यांची पलटण, त्यांचं वांझ घर, काही सोडलं नाही. तवा जात्याकडे गेला, शिव्या चालू. देवळीकडे गेला, चालू. मग तो कोपऱ्यातल्या जोंधळ्याच्या कणगीपाशी आला, माणसाच्या उंचीच्या, शेणानं सारवलेल्या. शेवंताबाई गप्प झाली.

सुभेदार थांबले. मागे फिरून पुन्हा चुलीपाशी गेले. शिव्या पुन्हा सुरू. ते परत कणगीपाशी आले. शिव्या पुन्हा बंद. त्यांनी असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा कणगीपाशी त्यांनी तवा खाली टेकवला.

"धातू हाये," ते म्हणाले.

"इळा असंल," शेवंताबाई कशीबशी म्हणाली.

"कोन्ता हाये ते सांडल्यावर समजते."

सुमनच्या भावानं कणगीच्या तळाचा बोळा ओढला. जोंधळा धो धो वाहायला लागला, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. अर्धी कणगी रिकामी झाल्यावर लुगड्याच्या चिंधीचं एक गाठोडं घरंगळत आलं आणि सुभेदारांच्या बुटापाशी थांबलं. गाठ सोडायची गरज नव्हती, पण सोडली. एकदाणीच होती.

"मी इसरली व्हती," शेवंताबाई म्हणाली. "मीच ठेवली असंल. म्हातारपन हाये." ती तेव्हा पंचेचाळीसची होती.

सुमन जोंधळ्यातून चालत आली. तिनं एकदाणी हातात घेतली, पाहिली आणि सासूच्या ओंजळीत ठेवली. "तुमच्यापाशीच राहू द्या, मामी," म्हणाली. "तुमाले तिची लय गरज हाये." गजानन त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा जमिनीवरची नजर उचलून बोलला. म्हणाला, "ट्रंक उतरवा."

परतताना सुभेदार माझ्याकडे पाणी प्यायला थांबले. यंत्र ओट्यावर ठेवून ते तोंड धुवायला मागे गेले. इतके दिवस मनात होतं, म्हणून मी ते गोळे कानांवर चढवले आणि तवा माझ्या लोखंडी बादलीवर धरला. काही नाही. खलबत्त्यावर धरला. काही नाही. आत नुसती शांतता.

"सुभेदार," ते आल्यावर मी म्हटलं, "यात काही वाजत नाही."

त्यांनी माझ्या हातातून ते शांतपणे काढून घेतलं. "तुमाले ऐकू नाई येत, बाई. ट्रेनिंग लागते," म्हणाले आणि पाणी न पिताच गेले.

खरं मला काशीवहिनींनी सांगितलं. यंत्राची बॅटरी पोळ्याच्या आधीच संपली होती. तसली विटेएवढी बॅटरी पुण्याखेरीज मिळत नव्हती आणि पुण्यालाही ती आता येत नाही असं पत्र आलं होतं. म्हणजे कपाशीच्या रानात तीन दिवस जो तवा फिरला तो खरोखरचा तवाच होता. तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं: पिढ्यानपिढ्या कसलेल्या रानात तीन दिवसांत एक खिळाही लागू नये! एका पोरीचा संसार मोडत होता आणि हा माणूस मेलेलं यंत्र घेऊन 'मशीन चुकत नाई' सांगत होता. का, तर मशीन मेलं हे गावाला कळू नये.

"मंग मी त्या सकाळी म्हनलं," काशीवहिनी म्हणाल्या, "का आता तुमी जाऊन सांगता का मी जाऊन सांगू, मशीन पोळ्यापासून मेलं हाये म्हनून? तं बसले. लय येळ बसले. मंग उठले, वर्दी घातली. मले वाटलं सांगाले चालले. मी मांगं गेली, खोटं बोलले तं तिथंच बोलीन म्हनून. तं यायनं हे नाटक काढलं."

"त्यांना ठाऊक होतं एकदाणी घरात आहे ते?"

"यायले?" काशीवहिनी हसल्या. "यायले सोताचा चष्मा कुठी हाये ते ठाऊक नस्ते."

त्या प्रकरणानं सुभेदारांची कीर्ती मोताळ्यापर्यंत गेली. आता कुणी त्यांना पुरलेलं धन शोधायला बोलावत नसे. चोरीला गेलेलं शोधायला बोलावत. पैंजण गेलं, बोलवा सुभेदारांना. मोटेचं लोखंडी कडं गेलं, बोलवा. आणि गंमत अशी की सुभेदार सकाळी येणार म्हटलं की वस्तू आदल्या संध्याकाळीच वळचणीत, गोठ्यात, तुळशीपाशी सापडायची. ते जात, सापडलेल्या वस्तूवर तवा फिरवून मान हलवत, शेला-नारळ घेऊन परत येत. मेलेल्या यंत्राला जितक्या वस्तू सापडल्या तितक्या जिवंत यंत्राला सापडल्या नव्हत्या. एकदा धाडला मात्र खरा बिलंदर चोर भेटला. तो सुभेदारांच्या डोळ्यांत बघून विडी ओढत राहिला. सुभेदार दोन तास फिरले आणि म्हणाले, "मशीन गरम झालं."

सुमनला मुलगी झाली, माझ्याच हातांवर. बारशाला सुभेदार आले होते. तिथं मी त्यांना कोपऱ्यात विचारलंच. "समजा, एकदाणी खरंच कपाशीत पडली असती तर?"

त्यांनी पाळण्याच्या दोरीला एक झोका दिला. हा माणूस उत्तर शोधतोय असं मी पहिल्यांदा पाहत होते.

"तं त्या पोरीले आमी आमच्या घरी आनली असती," ते म्हणाले. "काशी बी तेच म्हनत होती." मग गळा साफ करून पुढे म्हणाले, "पन मशीन चुकलं, असं म्हनलो नसतो."

माझी बदली झाली तेव्हा मला गावात सहा वर्षं झाली होती. सकाळची एस.टी. वडाखाली उभी होती. निरोपाला बायका आल्या होत्या, सुमन मुलीला घेऊन, काशीवहिनी शेवयांचा डबा घेऊन. सुभेदार वर्दीत, डोक्यावर टोपी. मी खिडकीशी बसले आणि त्यांनी सलाम ठोकला. ड्रायव्हरनं चावी फिरवली. गाडी घुरघुरली आणि बंद पडली. पुन्हा घुरघुरली, पुन्हा बंद. सुभेदारांचा सलाम तसाच. गाडी निघाल्याशिवाय सलाम उतरवायचा कसा? काशीवहिनी म्हणाल्या, "आता पुरे ना, हात दुखंन," पण ते हलेनात. कंडक्टर खाली उतरून ओरडला, "चला, धक्का मारा!"

तेव्हा सुभेदारांनी हात खाली घेतला आणि इतर माणसांबरोबर गाडीच्या मागच्या बाजूला गेले. मला ते दिसेनासे झाले. नुसतं 'होऽऽ' ऐकू येत होतं, त्यात त्यांचा पलटणीतला हुकमी आवाज वेगळा कळत होता: एक, दो, एक, दो. गाडी खोकली, हिसका बसला आणि निघाली. मी खिडकीबाहेर वाकून मागे बघितलं. धक्का मारणारे हसत हात झटकत होते. धुळीच्या लोटात सुभेदार वाकून, जमिनीवर दोन्ही हात फिरवत, पडलेली टोपी शोधत होते. ती त्यांच्या मागे दोन हातांवर पडली होती. मी ओरडले, "मागे, सुभेदार! मागे!" त्यांनी ऐकलं नाही. ते पुढेच शोधत राहिले.